"पाळीच्या १० ते १७ दिवसांत मुलींना जास्त धोका" असा फॉरवर्ड फिरतोय, असं खरंच काही संशोधन आहे का?

रावपुऱ्याची_सून

नमस्कार. प्रश्न जरा विचित्र आहे पण कुणाला विचारावा कळेना म्हणून इथे टाकतेय, अॅडमिनना चालत नसेल तर उडवा.

आम्ही बडोद्याचे, सासर रावपुऱ्यात तीन पिढ्यांपासून. मुलगी वीस वर्षांची, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. बडोद्याची नवरात्र बाहेरच्यांना सांगून कळायची नाही, नऊ रात्री पोरी घरात फक्त झोपायला येतात, दुपारी बाराला उठतात, पायाला फोड, तरी संध्याकाळी सातला आरशासमोर हजर. आमच्या हिने ह्या वर्षी सीझन पास स्वतःच्या ट्यूशनच्या पैशातून घेतलाय, चणियाचोळीला कवड्या लावायचं काम ऑगस्टपासून चालू आहे, डायनिंग टेबलवर अजून सुईदोरा पडलेला असतो.

तर परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मोठ्या जाऊबाईंनी एक फॉरवर्ड टाकला. त्यात असं की अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, पाळी आल्यापासून १० ते १७ ह्या दिवसांत बाईच्या अंगातून काहीतरी संकेत जातात आणि पुरुष ओढले जातात, म्हणून बलात्कार ह्याच दिवसांत जास्त होतात, तेव्हा आयांनी मुलींच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि ते दिवस गरब्याला पाठवू नये. वर दोन हात जोडलेले, खाली त्रिशूळ. इथपर्यंत ठीक, असे दिवसाला चार येतात. पण त्याच्याखाली जाऊबाईंनी विचारलं, "आपल्या हिची तारीख कधीची गं?" ग्रुपवर तेवीस जण, दीर, भाचे, सासरे सगळे. मुलगीपण ग्रुपमध्ये. तिने काही लिहिलं नाही, पाच मिनिटांनी नुसतं "ग्रुप सोडला" असं दिसलं.

मला जाऊबाईंशी भांडायचं नाहीये, त्या मनाने चांगल्या आहेत, माझ्या बाळंतपणात त्यांनीच केलं. पण मला उत्तर हवंय, ठोस. असं संशोधन आहे का? असेल तर ते नेमकं काय म्हणतं? मी होम सायन्सवाली, तेही पंचवीस वर्षांपूर्वीची, नेटवर शोधलं तर सगळं डोक्यावरून गेलं. पूर्वी कावळा शिवला म्हणून चार दिवस कोपऱ्यात बसवायचे, आता शास्त्राच्या नावाने आणखी आठ दिवस घरात, म्हणजे महिन्यात उरलं काय?

आकडेमोड

ताई, संशोधन आहे. आणि गंमत म्हणजे ते तुमच्या फॉरवर्डच्या बरोब्बर उलटं सांगतं. मी सायकॉलॉजी शिकवते, हा विषय एमएच्या पोरांना "पेपर कसा वाचायचा" ह्यासाठी देते म्हणून तोंडपाठ आहे, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मूळ पेपर १९९८ चा, शाव्हान आणि गॅलप ह्या दोघांचा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या युनिव्हर्सिटीतला. त्यांनी ३०० कॉलेजच्या मुलींना विचारलं की गेल्या चोवीस तासांत तुम्ही कायकाय केलंत, आणि पाळीचा कितवा दिवस. कामांची यादी आधीच केलेली आणि प्रत्येक कामाला "ह्यात लैंगिक हल्ल्याचा धोका किती" असे मार्क दिलेले. निष्कर्ष असा की ज्या मुली गर्भनिरोधक गोळ्या घेत नव्हत्या त्या ओव्हुलेशनच्या, म्हणजे बीज सुटण्याच्या दिवसांच्या, आसपास अशी धोक्याची कामं *कमी* करत होत्या. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये असा काही फरक नाही. म्हणजे संशोधकांचं म्हणणं की गर्भ राहायची शक्यता असते तेव्हा बाई आपोआपच जपून वागते. मुलींना कोंडा, असं त्यात कुठेही नाही.

मग २००३ मध्ये जर्मनीतल्या ब्रोडर आणि होमान ह्यांनी म्हटलं की ही पद्धत कच्ची आहे, वेगवेगळ्या मुलींची एकाच दिवशीची तुलना करून काय कळणार, एखादी मुळातच घरकोंबडी असेल. म्हणून त्यांनी ५१ बायका घेतल्या आणि त्याच बायकांना चार आठवडे दर आठवड्याला विचारलं. त्यांनाही तेच दिसलं, मधल्या दिवसांत धोक्याची कामं कमी. बिनधोक कामं उलट वाढलेली, म्हणजे दमून घरी पडून राहिल्या असंही नाही. मधे २००२ मध्ये पेट्रालिया आणि गॅलप ह्यांनी आणखी एक केलं, मुलींना हल्ल्याच्या प्रसंगाचं वर्णन वाचायला दिलं आणि आधी नि नंतर हाताची पकड मोजली, ते दाबायचं यंत्र असतं ना जिममध्ये तसं. ओव्हुलेशनच्या टप्प्यातल्या मुलींची पकड ते वाचल्यावर वाढली म्हणे.

आता ह्या सगळ्यात गोम कुठे आहे ते सांगते. वागणं बदललं हे एक, आणि प्रत्यक्ष बलात्कार कमी झाले हे वेगळंच. ह्या पेपरांमध्ये हल्ले मोजलेच नाहीत, प्रश्नावली मोजली. प्रत्यक्ष पीडित बायकांची जुनी आकडेवारी दाखवून काही जण म्हणत होते की मधल्या दिवसांत हल्ले कमी होतात, त्यावर २००३ मध्येच डॅनियल फेस्लर ह्या मानववंशशास्त्रज्ञाने पेपर लिहिला, त्याचं शीर्षकच मराठीत सांगायचं तर "ओव्हुलेशनच्या टप्प्यात बलात्कार कमी होत नाहीत". म्हणजे एका बाजूला "मुली जपून वागतात", दुसऱ्या बाजूला "त्याने हल्ल्यांच्या संख्येत काही फरक पडलेला दिसत नाही". जपून वागणं आणि हल्ला न होणं ह्यांचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही, कारण हल्ला करायचा की नाही हे जपणारी ठरवत नसते.

दुसरी गोम "धोक्याचं काम" ह्या व्याख्येतच आहे. अशा याद्यांमध्ये धोका म्हणजे काय, तर रात्र, एकटी, अनोळखी माणूस, निर्जन जागा. आपल्याकडे एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, २०२१ च्या अहवालात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदलेत आणि त्यातल्या साधारण ९६ टक्क्यांमध्ये आरोपी बाईच्या ओळखीचा आहे. घरचा, शेजारचा, मित्र, लग्नाचं वचन दिलेला, बॉस. हे नोंदलेलेच गुन्हे, न नोंदलेल्यांचं सोडाच. म्हणजे गरब्याच्या ग्राउंडवरून घरी येणं ह्याला यादीत भरपूर मार्क, आणि ओळखीच्याच्या घरी दुपारी चहाला जाणं ह्याला शून्य.

तिसरं, तुमच्या फॉरवर्डमधले ते १० ते १७. हा आकडा डॉक्टरी पुस्तकातला नेहमीचा अंदाज आहे, तोही गर्भ राहायच्या दिवसांचा. २००० मध्ये विल्कॉक्स आणि त्यांच्या टीमने बायकांच्या लघवीची रोजची तपासणी करून बघितलं तर जेमतेम ३० टक्के बायकांचे सगळे सुपीक दिवस ह्या १० ते १७ मध्ये बसले. बाकी सगळ्यांचे मागेपुढे. म्हणजे जाऊबाईंनी तारीख लिहून ठेवली तरी सत्तर टक्के बायकांच्या बाबतीत वही चुकणार! विशी-बाविशीतल्या पोरींचं तर परीक्षा, जागरण, डाएट, कशानेही पुढेमागे होतं. पुढे २०१६ मध्ये गँगेस्टाड वगैरे लोकांनी, जे स्वतः ह्याच क्षेत्रातले, हिशेब करून दाखवलं की नुसते दिवस मोजून टप्पा ठरवायची पद्धत फार कच्ची आहे, आणि १९९८ चा पेपर त्याच पद्धतीचा.

राहिले ते "संकेत". माणसामध्ये पुरुषाला ओढून आणणारा असा पदार्थ आजवर कुणी पक्का ओळखून दाखवलेला नाही. सेंटच्या जाहिरातीत असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, पाळीच्या टप्प्यांवरचं हे सगळं संशोधनच वादातलं आहे. टप्प्याप्रमाणे बायकांची पुरुषांबद्दलची आवड बदलते का ह्यावर २०१४ मध्ये एकाच वर्षी दोन मोठे आढावे आले, एक म्हणे बदलते, दुसरा म्हणे नाही. तेव्हा मी वरचे पेपरही डोक्यावर घेत नाही. पण फॉरवर्डवाल्याने तर वाचायचेही कष्ट घेतले नाहीत, उलटं करून पाठवलं.

वाडीचे_काका

आकडेमोड ताईंचं सगळं मान्य, मी शास्त्र शिकलेलो नाही, बँकेत होतो. पण एक साधं विचारतो, थोडी काळजी घेतली तर बिघडलं काय? चार दिवस नाही गेली गरब्याला तर आभाळ कोसळणार आहे का. आमच्या वेळी पोळातल्या पोळात, म्हणजे गल्लीतल्या गल्लीत, गरबा व्हायचा, सगळे ओळखीचे, आता चाळीस हजार माणूस एका ग्राउंडवर. आईवडलांचा जीव खालीवर होतो ने? जाऊबाईंची पद्धत चुकली असेल पण हेतू वाईट नाही.

रावपुऱ्याची_सून

काका, हेतू वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. पण तुम्ही "चार दिवस" म्हणता ते कुठले चार, तेच तर ताई सांगताहेत की कुणाला माहीत नसतात. आणि माझी मुलगी न गेल्याने ग्राउंडवरचा माणूस बदलतो का? दुसऱ्या कुणाची मुलगी असेल तिथे. आणि "सगळे ओळखीचे" ह्याबद्दल तर वर आकडा आलाच आहे, तो वाचून मी दोन मिनिटं फोन खाली ठेवला होता.

आकडेमोड ताई, तुमचे फार फार आभार. मी हे चार ओळीत लिहून ग्रुपवर टाकू का?

आकडेमोड

टाका की. फक्त "शास्त्राने सिद्ध केलंय" हे शब्द तुम्हीपण वापरू नका :) "असं दिसलं", "ह्यावर वाद आहे" असं लिहा.

निवृत्त_सिस्टर

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत, त्यातली बरीच गायनॅक वॉर्ड आणि कॅज्युअल्टीत. संशोधनाचं मला कळत नाही, पण पाळीची तारीख ह्या विषयात कुठे खरोखर लागते ते मला माहीत आहे आणि ते कुणीच लिहिलेलं नाही म्हणून लिहिते.

ती लागते *नंतर*. अशी बाई हॉस्पिटलमध्ये आली की जो फॉर्म भरतात, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये जो ठरवून दिला, त्यात शेवटची पाळी कधी, घटनेच्या वेळी पाळी चालू होती का, आता चालू आहे का असे रकाने असतात. हे बघून पुष्कळ बायकांना राग येतो, मला एकीने विचारलं होतं, "सिस्टर, ह्याचा इथे काय संबंध, मी पाळीत होते म्हणून माझी चूक कमी की जास्त?" तेव्हापासून मी आधी कारण सांगायचे मग प्रश्न विचारायचे. कारण असं की रक्तस्राव चालू असेल तर काही पुरावा वाहून जातो, जखमा नीट दिसत नाहीत, मग पाळी संपल्यावर पुन्हा तपासायला बोलवावं लागतं. हे लिहिलेलं नसेल तर पुढे कोर्टात समोरचा वकील म्हणतो काहीच सापडलं नाही. लिहिलेलं असलं की का सापडलं नाही ते कागदावर राहतं. बाईच्या बाजूचा रकाना आहे तो.

दुसरं गर्भाचं. इथे मात्र कॅलेंडर बघून "माझे ते दिवस नव्हते" म्हणून गोळी टाळायची नाही, बिलकुल नाही, वर ताईंनी सांगितलंच दिवस कसे सरकतात. वीर्य आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं. इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. उशीर झाला तर पाच दिवसांपर्यंत कॉपर टी बसवता येते, ते डॉक्टर ठरवतील. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधंपण ७२ तासांच्या आतच सुरू करायची असतात, हे तर पुष्कळांना माहीतच नसतं, सगळ्यांचं लक्ष फक्त दिवस राहिले का ह्याकडे. आणि दिवस राहिलेच तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायद्याने करता येतो.

कुठलंही हॉस्पिटल, सरकारी असो की खाजगी, उपचार फुकट द्यायला बांधील आहे. "आधी पोलिसात जा मग हात लावतो" असं म्हणता येत नाही. आणि ती दोन बोटांची तपासणी, बाईला आधी संबंधांची सवय होती का ते बघायची, सुप्रीम कोर्टाने बंद केलेली आहे, २०२२ मध्ये पुन्हा खडसावून सांगितलं की जो करेल त्याचं ते गैरवर्तन धरलं जाईल. कुणी करू म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

पुरावा घेता येतो तो साधारण ९६ तासांपर्यंत. त्याच्या आत यायचं, शक्यतो अंघोळ न करता, कपडे न धुता. हे सांगायला सोपं, त्या वेळी कुणालाही पहिलं पाणीच अंगावर घ्यावंसं वाटतं, आणि अंघोळ केली असली तरी या, उशीर झाला असला तरी या. कपडे कागदाच्या पिशवीत आणा. गुजरातेत १८१ वर अभयमची गाडी येते, बाई कौन्सेलर असते बरोबर. काकांसारखी काळजी वाटते ना, मग हा नंबर मुलीच्या फोनमध्ये टाकून द्या, तारीख विचारण्यापेक्षा.

नाव_नको

नवीन आयडी काढून लिहितेय.

माझ्या बाबतीत दुपारचे तीन वाजले होते. उन्हाळा, कूलर चालू, टेबलावर पन्ह्याचे दोन पेले, मीच केलेले. माणूस नवऱ्याचा मित्र, मुंजीपासूनचा, आमच्याकडे त्याला बेल वाजवायची पद्धत नव्हती, सरळ आत यायचा. पाळीचा कितवा दिवस होता ते मला नंतर हॉस्पिटलच्या त्या फॉर्मसाठी बोटांवर मोजावं लागलं. सतरा वर्षं झाली. बाकी काही सांगत नाही.

ह्या सगळ्यात मला जे सगळ्यात जास्त लागलं ते एका नातेवाईक बाईंचं वाक्य, "तू त्या दिवशी पन्हं करायला कशाला थांबलीस." त्या पण मनाने चांगल्याच होत्या. रावपुऱ्याच्या ताई, म्हणून सांगते, तारीख लिहून ठेवायची सवय लागली की उद्या काही झालं तर पहिला प्रश्न हाच येणार, "माहीत होतं ना ते दिवस आहेत, मग गेलीस कशाला?" वही मुलीच्याच विरोधात उघडणार. ग्रुप सोडला ते चांगलं केलं तिने.

वाडीचे_काका

नाव नको ताई, वाचलं. मी मघाशी जे लिहिलं त्यात तुम्हाला लागेल असं काही असेल तर माफ करा. मला अजूनही वाटतं की रात्री दीडला पोरींनी एकटं येऊ नये, पण ते पोरांनाही लागू आहे, आमचा नातू गेल्या वर्षी फतेहगंजला अॅक्टिव्हावरून पडला. तारखेचा मुद्दा मी सोडला.

आकडेमोड

नाव नको ताई, तुम्ही लिहिलंत.

एक भर घालते, ह्या "उत्क्रांतीमुळे असं घडतं" प्रकाराचा वाद जुना आहे. २००० मध्ये थॉर्नहिल आणि पामर ह्यांचं पुस्तक आलं, त्यात बलात्काराला उत्क्रांतीतून समजावायचा प्रयत्न होता, आणि मुलामुलींना त्यावरून शिकवावं असेही सल्ले. जीवशास्त्रज्ञांपासून स्त्रीवादी अभ्यासकांपर्यंत सगळ्यांनी ते सोलून काढलं. मोठा आक्षेप हाच, की गर्भ राहायची शक्यताच नाही अशा बाळांवर, म्हाताऱ्या बायकांवर, पुरुषांवर होणाऱ्या अत्याचारांचं मग काय. सुपीक दिवसांचं गणित तिथे काय करणार? तुमच्या जाऊबाईंच्या फॉरवर्डला हा एक प्रश्न पुरेसा आहे.

रावपुऱ्याची_सून

अपडेट देते. काल रात्री ग्रुपवर लिहिलं, चार ओळी म्हणता म्हणता बावीस झाल्या. सिस्टरांचं पूर्ण, नंबरासकट. नाव नको ताई, तुमचं काहीही टाकलेलं नाही. दिरांनी अंगठा दिला. सासऱ्यांनी लिहिलं "हे नंबर भिंतीवर लावा". जाऊबाईंच्या दोन निळ्या टिका दिसताहेत, उत्तर नाही. आज सकाळी त्यांच्याकडून फोडणीच्या मिरच्यांची बरणी आली, भाच्याच्या हातून, आता ह्याचा अर्थ मी काय लावू ते मला कळत नाही.

मुलीला हा धागा वाचायला दिला. ग्रुपमध्ये परत यायचं नाही म्हणाली. पण सिस्टरांना एक विचारायला सांगितलंय तिने, कपडे कागदाच्या पिशवीत का, प्लास्टिकची का नाही?

निवृत्त_सिस्टर

हुशार आहे. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि नमुना खराब होतो. ओले असतील तर आधी सावलीत वाळवायचे, उन्हात नाही, मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात. घरात काही नसेल तर वर्तमानपत्र चालेल, पण कोरा कागद असेल तर तो बरा.